दुसरा ब्रेक

नाव धैर्यशील, आणि कुंभार्ली घाट लागला की हे गृहस्थ डोळे गच्च मिटून दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसायचे! गाडी चालवत असायची त्यांची बायको. तीही साधीसुधी ड्रायव्हर नव्हे, चिपळूणच्या 'मोरे मोटार ट्रेनिंग'ची मालकीण आणि एकुलती एक मास्तरीण. विजूचं माहेर घाटावर, पाटणला. लग्नाला तीस वर्षं झाली, वर्षाला तीन-चार खेपा, म्हणजे शंभर वेळा तरी धैर्यशील मोरे मिटल्या डोळ्यांनी सासुरवाडीला गेले असतील. माथ्यावर पोचलं की हळूच विचारायचे, "आलं का?" आणि विजू म्हणायची, "आलं. उघडा आता."

त्यामुळे एके दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवरून ते म्हणाले, "विजू, मला गाडी शिकव. एकदा तरी तुला माहेरी मी नेणार," तेव्हा ती खो खो हसली. आणि मग एकदम गप्प झाली, कारण ते हसत नव्हते.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळला तेव्हाच यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टर नाझनीन परकार गोड गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "बरं करणारं औषध आजही नाही. पण मोकळीक बसवता येईल."

मोकळीक म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आपल्याला फ्लू झाला की अंग गळून जातं, जेवण नकोसं होतं, कुणी बोलायला आलं तरी नको वाटतं. हे सगळं त्या विषाणूचं काम नसतं. बरंचसं आपलाच मेंदू करतो! शरीरात कुठे लढाई पेटली की तिथल्या पेशी रसायनांच्या हाका मारतात. मानेतून खाली उतरणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूवरून त्या हाका मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू संचारबंदी लावतो. पडून राहा, हलू नका, शक्ती वाचवा. फ्लूमध्ये चार दिवसांनी ही संचारबंदी उठते. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात मात्र ती उठतच नाही. माणूस आजारापेक्षा त्या संचारबंदीनंच खाटेला खिळतो.

मोकळीक हे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. ते मानेतल्या मज्जातंतूला चिकटवायचं. चालू केलं की ते हाका मधल्या मधे अडवतं आणि मेंदूला कळवतं, सगळं आलबेल आहे. दहा-पंधरा मिनिटांत माणूस उठून बसतो आणि भूक लागली म्हणतो.

पण मेंदू काही वेडा नाही. त्यानं संचारबंदी लावली ती शक्ती वाचवायलाच. ती उठवली की शरीर उरलीसुरली शिदोरी भराभर खातं. मोकळिकीचा एक तास म्हणजे पुढचे साधारण दहा तास कमी. एका वेळी सहा तासांच्या वर यंत्र चालतच नाही.

म्हणूनच त्याला दोन अंगठे लागायचे. हातात मावेल एवढी एक डबी, तिच्यावर दोन खळगे. एकात रुग्णाचा अंगठा, दुसऱ्यात जोडीदाराचा. दोघांनी मिळून तीन सेकंद दाबलं तरच मोकळीक चालू होणार. बंद करायला मात्र दोघांपैकी कुणाचाही एक अंगठा पुरे. विजूच्या मनगटात एक कडंही आलं. नवऱ्याची नाडी आणि ताप त्यावर दिसायचा. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे थांबवायचा विचार करा.

"अगदी तुझ्या गाडीसारखं आहे हे," धैर्यशील डबी उलटसुलट करून बघत म्हणाले. "चालवायचं दोघांनी, ब्रेक मात्र तुझ्या पायाखाली."

विजूच्या गाडीला दोन ब्रेक होते ना! शिकणाऱ्यासमोर एक, आणि डावीकडे मास्तरीणबाईंच्या पायाशी दुसरा. आता रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आपल्या आपण चालायच्या. हातानं चालवायला शिकायचे ते फक्त रानात जाणारे वनरक्षक, अँब्युलन्सवाले आणि काही हौशी लोक. क्लच-गिअरची पेट्रोल गाडी चिपळुणात आता ही एवढीच उरली होती.

मोकळीक पहिल्यांदा चालू झाली तेव्हा धैर्यशीलनी कुळथाची पिठी आणि भात मागितला. दोनदा वाढून घेतला. मग म्हणाले, "चल, पवन तलावाच्या मैदानावर."

बापरे, काय तो विद्यार्थी! आयुष्यभर लोटे गावच्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून काम केलेला माणूस. त्याला प्रत्येक गोष्टीचं माप हवं.

"क्लच किती सोडायचा?"

"गाडी सांगेल तेवढा."

"म्हणजे किती सेंटिमीटर?"

"अहो, पट्टी आणू का मी? गाडी किंचित थरथरते, नाक उचलते. तिथं थांबायचं. त्याला हाफ क्लच म्हणतात."

"थरथरणं हे माप नाही, विजू."

गाडी धक्का खाऊन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं टाळ्या वाजवायला लागली. धैर्यशीलनी खिडकीतून त्यांना हात जोडले, तेवढ्यात गाडी चौथ्यांदा बंद पडली आणि विजू हसून हसून डॅशबोर्डवर कपाळ टेकून बसली. तीस वर्षांत इतकी कधी हसली नव्हती. कड्यावर हिरवा दिवा होता.

अशा चार मोकळिकी झाल्या, दर आठवड्याला एक. सपाट रस्त्यावर ते बरे चालवायला लागले. चढावर मात्र हाफ क्लच काही जमेना. गाडी मागे घसरायची आणि विजूचा पाय दुसऱ्या ब्रेकवर पडायचा. जेवण झालं की त्यांना डुलकी लागायची आणि उठायचे ते गळून गेलेले. त्यांना वाटायचं, सहा तास संपले.

मग तपासणीला परकार मॅडमकडे गेले. मॅडम पडद्यावर बघत सहज म्हणाल्या, "छान, काटकसरीनं वापरलंत. चार वेळा मिळून सोळाच तास."

धैर्यशीलनी मनातल्या मनात हिशेब केला. केमिस्टच तो, चार सक चोवीस त्याला कळत होतं. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्यांनी डबी मांडीवर ठेवली.

"मी झोपलो की बंद करायचीस?"

विजूनं किल्ली फिरवलीच नाही. "हो."

"दर वेळी दोन तास?"

"तीन दिवस आणि आठ तास वाचले." तिनं समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं. "मला तेवढे जास्त मिळाले."

"तुला मिळाले," ते म्हणाले. "मी त्यातले किती जागा होतो?"

विजू किल्लीशी चाळा करत राहिली.

"सगळ्या जगाच्या गाडीला ब्रेक लावून लावून तुला सवयच झालीय, विजू. पण मी शिकाऊ नाही. मला माहितीये रस्ता कुठं संपतो ते."

"माहितीये तुम्हाला!" विजू एकदम भडकली. "तुमचा रस्ता संपतो. त्याच्यापुढं मला एकटीला चालवायचंय. त्याचं मोजमाप केलंत कधी?"

तिनं किल्ली फिरवली. घरी येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले. एकजण गाडी चालवत होतं, म्हणून नाइलाजानं समोर बघत होतं एवढंच.

त्यानंतर आठवड्याभरातच कावीळ चढली आणि सगळं गणित बदललं. परकार मॅडम घरी आल्या, खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसल्या.

"आता एका तासाला दहा तास हा हिशेब राहिला नाही. मोकळीक बंद ठेवली तर अजून तीन आठवडे. पण बराचसा वेळ झोपेत. एकदा सहा तास उघडली, तर त्यानंतर चार-पाच दिवस. दुसऱ्यांदा उघडता येणार नाही."

"मी घाट चढणार," धैर्यशील उशीवरूनच म्हणाले.

"नाही," विजू म्हणाली.

डबी टेबलावर पडून राहिली. धैर्यशील रोज सकाळी आपला अंगठा एका खळग्यात ठेवायचे आणि तिच्याकडे बघायचे. विजू चहा ठेवायला निघून जायची. ते रागावत नव्हते, मागतही नव्हते. तेच तिला सहन होईना. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. त्या चार दिवसांत ते मिळून तीन-एक तास जागे राहिले असतील.

पाचव्या दिवशी शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून विजू एका शिकवणीला गेली. वनरक्षक रोहिणी गमरे, दणकट बाई, हातात स्टिअरिंग घेतलं की रानडुक्कर पकडल्यासारखं धरायची. परीक्षा दोन दिवसांवर आलेली. चढावर गाडी उभी केली, क्लच सोडला, गाडी थरथरली आणि बंद. पुन्हा तेच.

"अहो गमरे, हाफ क्लच! किती वेळा सांगू?"

"मॅडम," गमरे खाली वाकून बघत म्हणाली, "मी बरोबर सोडतेय. तुमचा पाय आहे ब्रेकवर."

विजूनं खाली बघितलं. तिचा उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. दाबलेला! तिला पत्ताच नव्हता.

"नेहमी असतो," गमरे ओशाळं हसली. "आधी वाटलं, शिकवायची पद्धत असेल. पण मॅडम, गाडी चढणार कशी हो?"

विजूनं पाय उचलला. गमरेनं गाडी चालू करून पुन्हा क्लच सोडला आणि ती झपकन चढून गेली.

घरी आली तेव्हा धैर्यशील जागे होते. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी छताकडे बघत होते. तिनं टेबलावरची डबी उचलली, त्यांच्या छातीवर ठेवली. "उद्या सकाळी. पण घाटाच्या पायथ्यापर्यंत मी चालवणार. तुम्ही मागं झोपून यायचं. तास घाटासाठी ठेवायचे."

"आणि मधेच बंद करशील?"

"नाही करणार."

"शप्पथ?"

"लहान आहात का?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "शप्पथ."

हातानं चालवायच्या गाड्यांना घाटात सकाळी अकरापर्यंतच परवानगी होती. साडेआठला विजूनं पायथ्याच्या पोफळीला गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर दोन उशांमध्ये तिचा नवरा धुतलेल्या शर्टासारखा पडला होता. दोन अंगठे, तीन सेकंद. डबी बारीक गुरगुरली. विजू कड्याकडे बघत बसली. हिरवा.

पंधरा मिनिटांनी मागून आवाज आला, "विजू, इथं वडापाव कुठं मिळतो?"

वडापाव खाल्ला, ताक प्यायले, तोंड धुतलं आणि धैर्यशील मोरे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मागच्या काचेवर लाल रंगातलं 'एल' होतं. लर्निंग लायसन्स शर्टाच्या खिशात. पट्टा लावला, आरसा नीट केला आणि विचारलं, "डोळे उघडे ठेवायचे ना?"

"ठेवा. यंदा गरज आहे."

पहिली दोन वळणं बरी गेली. दुसरा गिअर, इंजिनाची घरघर, डावीकडे डोंगर, उजवीकडे कठडा आणि त्याच्यापलीकडे निव्वळ हवा! धैर्यशीलच्या कपाळावर घाम आला होता, पण डोळे टक्क उघडे. "एवढी खोल दरी होती होय इथं!" ते ओरडले. "तीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही!"

"समोर बघा!"

तिसरं वळण पार उलटं होतं. त्यात वरून एक मालट्रक आला, बिनड्रायव्हरचा, आपल्या रेषेत शिस्तीत येणारा. तो त्यांना धडकणार नव्हताच, असले ट्रक वीतभर जागा सोडून बिनचूक जातात. हे विजूच्या डोक्याला माहीत होतं. पायाला नव्हतं.

खाड्!

दुसरा ब्रेक कचकन लागला. गाडी हिसका खाऊन बंद पडली, भर वळणात, भर चढावर. ट्रक शांतपणे बाजूनं निघून गेला.

"मी घेतलं असतं वळण," धैर्यशील म्हणाले. "घेत होतो मी."

"चुकलं माझं. करा चालू."

त्यांनी गाडी चालू केली. क्लच सोडला, गाडी धडपडली, बंद. पुन्हा केली. या वेळी ती हातभर मागे घसरली आणि विजूनं हँडब्रेक ओढला. आता पाठीमागे दुसरा बिनड्रायव्हरचा ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यातून गोड बायकी आवाज यायला लागला, "कृपया आपले वाहन पुढे घ्या. कृपया आपले वाहन पुढे घ्या."

"तुझ्या मायला तुझ्या," धैर्यशील आरशात बघून म्हणाले. ते शिव्या द्यायचे नाहीत कधी.

विजूच्या मनगटाला थरथर जाणवली. पिवळा. तिनं हात मांडीखाली लपवला. तिसरा प्रयत्न, पुन्हा बंद. कडं जोरात थरथरलं. लाल. नाडी एकशे बावन्न.

"अहो, मी घेते. इकडं या, सीट बदलू. माथ्यावर पुन्हा तुम्ही घ्या."

"लाल झालंय ना?"

तिचा हात कमरेकडे गेला. डबी तिच्या कमरेच्या पिशवीत होती. एक अंगठा. बंद केलं तर नाडी उतरेल, ते झोपतील, ती त्यांना खाली नेईल. गेले पाऊण-एक तास सोडून बाकी सगळं वाचेल. किती वाचेल? आठवडा? दहा दिवस? तिच्या बोटांना पिशवीची चेन लागली.

"विजू," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझा पाय."

तिनं खाली बघितलं. पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. गच्च.

मागून गोड आवाज चालूच होता. समोर वळण, वळणापलीकडे नुसतं आभाळ. विजूनं पाय उचलला. कुठे ठेवायचा कळेना. खाली ठेवला तर तो आपणहून तिकडेच जाणार, हे तिला आता पुरतं कळलं होतं. मग तिनं चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली! पंगतीला बसावं तशी. कमरेची पिशवी सोडून मागच्या सीटवर टाकली, सहज हाताला येणार नाही अशी.

धैर्यशीलनी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघितलं.

"हँडब्रेक तुमच्या हातात," ती म्हणाली. "मी काही करणार नाही. क्लच सोडा. गाडी काय म्हणते ते ऐका."

"थेंब," ते पुटपुटले.

"काय?"

"ब्युरेटच्या काचेच्या नळीतून आम्ही आम्ल सोडतो ना, एकेक थेंब. रंग बदलायच्या आधी द्रावण जरासं चमकतं. तिथं हात थांबवायचा. पुढचा एक थेंब जास्त पडला की सगळं वाया." त्यांनी श्वास घेतला. "तू मला हे आधी का नाही सांगितलंस, थरथरणं म्हणजे शेवटचा थेंब म्हणून?"

"मला काय माहीत तुमचा ब्युरेट!"

त्यांनी गाडी चालू केली. डावा पाय इतका हळू वर आला की विजूला तो हलताना दिसलाच नाही. इंजिनाचा आवाज खाली उतरला. गाडी थरथरली. नाक किंचित उचललं. तिथेच पाय थांबला. त्यांनी हँडब्रेक सोडला.

गाडी मागे गेली नाही.

क्षणभर ती चढावर नुसती उभी राहिली, ना पुढे ना मागे. मग उजव्या पायानं हलकेच पेट्रोल दिलं आणि जुनी गाडी कण्हत कण्हत वळणात शिरली, वळली आणि चढायला लागली. मागच्या ट्रकचा आवाज बंद झाला.

पुढचं वळण आलं. विजूचा उजवा गुडघा मांडीतल्या मांडीत ताडकन उडाला. तिनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. त्याच्या पुढच्या वळणाला पुन्हा उडाला. माथ्यापर्यंत ती आपलाच पाय धरून बसली होती, आणि शेजारी तिचा नवरा मोठ्यानं वळणं मोजत होता. "सात! आठ! हे नववं बघ, नववं!" कडं लाल होतं, मग पिवळं झालं, मग पुन्हा लाल. मग तिनं बघणं सोडून दिलं.

माथ्यावर गाडी थांबली. साडेदहा वाजले होते. खाली, ज्या रस्त्यानं ते आले होते, तो दरीत वळसे घेत गेला होता. धैर्यशील स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिले. ओठ पांढरे पडले होते आणि ते हसत होते.

"आलं का?" विजूनं विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले होते, मुद्दाम.

"आलं," ते म्हणाले. "उघड आता."

वाऱ्यानं 'एल'चा कागद फडफडत होता. मग धैर्यशीलनीच मागे हात करून ती पिशवी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"चार तास आहेत अजून. घाट झाला माझा. आता तू बंद केलंस तरी मी काही म्हणणार नाही. तुझे दिवस वाचतील थोडे. त्या दिवशी तू म्हणालीस ते खरं होतं. तुझ्याकडचा रस्ता मी मोजलाच नाही."

विजूनं पिशवीची चेन उघडली. डबी बाहेर काढली. तिच्यावर तिच्या अंगठ्याचा खळगा होता, जरा मळलेला. तिनं तो पदरानं पुसला. मग डबी परत आत ठेवली, चेन लावली आणि पिशवी मागच्या सीटवरच्या दोन उशांमध्ये नीट झोपवली.

"पाटण अजून तीसेक किलोमीटर आहे," ती मास्तरीणबाईंच्या आवाजात म्हणाली. "दादाला मी फोन केलाय, जेवायला येतो म्हणून. आणि त्याला सांगितलंय, हे चालवतायत. त्याचा विश्वास बसलेला नाही. दारात उभा राहणार आहे तो."

"आख्खी आळी गोळा करेल तो गाढव."

"करू दे. आरशात बघा. इंडिकेटर द्या."

धैर्यशीलनी आरशात बघितलं. इंडिकेटर दिला.

"तू पाय खाली नाही सोडणार?"

"मुंग्या आल्यात," विजू म्हणाली आणि मांडी आणखी घट्ट घातली. "गिअर टाका."